पाऊण लाट

पोर्वेनिरमध्ये वारा कुणी मोजत नाही.
तो असतोच, पत्र्याला धरून.
मोजायचं ते दार लावून मोजायचं,
यास्ना वुकेलिचच्या वर्कशॉपमध्ये, स्टोव्हपासून लांब,
कारण गरम केबल थोडं खोटं बोलते.

मच्छीमारांचं चॅनल सोळा.
लाट एक मीटर एक्क्याण्णव सेंटिमीटर, पण ही हवेतली.
केबलच्या आत, तांब्याभोवतीच्या प्लास्टिकमधून
ती ओल्या वाळूतून चालावं तशी जाते,
शंभरातली सहासष्ट पावलं.
म्हणून पाव लाट म्हणजे एकतीस सेंटिमीटर, वर पाच मिलिमीटर.
तेवढ्यात हात अँटेनापर्यंत पोचत नाही. मग पाऊण.
पाऊण पुरली नाही तर सव्वा.
अर्धी नाही, अख्खी नाही:
अर्धी जे घेते तेच निमूट परत देते,
पाव उलटवून देते,
उघडं टोक तिच्यातून बंद दिसतं, बंद टोक उघडं.
हे सांगताना यास्ना वर बघत नाही.
ती सोलत असते. काळं साल, मग जाळीची वेणी,
ती मागे विंचरायची, मग पांढरं,
मग एकटी तांब्याची तार.
तिला चरा गेला
की सगळं पुन्हा.

ऑगस्टमध्ये ती दात काढायला पुंता आरेनासला गेली
आणि फेरी दोन दिवस बंद पडली.
मी एकटा. मास्टवरच्या दोन्ही केबल उतरवल्या,
कनेक्टर हिरवे पडले होते.
वरची: चौऱ्याण्णव सेंटिमीटर, सहा मिलिमीटर.
खालची: वीतभर लांब.
तिच्यावर लाल चिकटपट्टी, एउसेबिओच्या हातची.
तो आता समुद्रापलीकडे लेकीकडे राहतो,
त्याला कमी ऐकू येतं.
म्हटलं, तेव्हाच नजर गेली असेल.
पट्टी सोलली. वीतभर कापलं.
दोघी टोकाला टोक लावून ठेवल्या,
नखाइतका फरक नाही.
फार बरं वाटलं मला.

रात्री 'पोर्फियादा'वरून उलिसेस बार्रिया बोलला,
बाइया इनुतिलमधून
(निरुपयोगी, असंच नाव आहे त्या उपसागराचं).
खरखर. मग "खेकडे". मग पुन्हा खरखर.
मग "खिशात".
मी चारदा विचारलं. मास्टचा कान वर वळला होता,
पाण्यावरून येणारं त्याला ऐकू येईना.

यास्ना परतली ती एक गाल सुजवून. बोलता येत नव्हतं.
तिने कचऱ्याच्या डब्यातून माझा तुकडा काढला,
दिव्याखाली धरला,
आणि आतल्या पांढऱ्यावर नख रोवलं.
रुतलं.
मग वरच्या केबलच्या पांढऱ्यावर.
नाही रुतलं.

तेव्हा दिसलं, खालचीच्या पोटात फेस होता,
बेकरीतल्या पावासारखा, भोकाभोकांचा.
त्यातून लाट ऐंशी पावलं टाकते.
कुठल्यातरी हिवाळ्यात एउसेबिओकडे
एकाच जातीची दोन पाऊण निघेनात,
म्हणून त्याने भरभर जाणारीला वीतभर जास्त रस्ता दिला होता,
दोघी एकदम पोचाव्यात म्हणून.
आणि मी ते फूटपट्टीने दुरुस्त केलं.

तिने नवं रीळ माझ्याकडे ढकललं. दोन्ही यातूनच.
मी बोटभर जास्त ठेवली,
मग मीटर बघत, पापुद्र्याएवढे काप,
एक, थांब, एक, थांब.
गारठ्याने अंगठा कळत नव्हता.

चढवल्या. उलिसेस लगेच आला, अगदी शेजारी बसल्यासारखा:
"चौदा पेट्या खेकडे! आणि एदुविनाला सांगा,
घराची किल्ली माझ्याच खिशात आली."
एदुविना आमच्या स्टोव्हपाशी बसली होती,
दोन दिवस, शेजारणीचा कोट घालून.
ती मायक्रोफोनकडे हात पुढे करून उठली.
यास्ना गाल धरून हसली, आणि कळवळली.

लाल पट्टी मी त्या वीतभर तुकड्याला परत लावली आहे.
नीट चिकटत नाही.